रोव्हर पी५बी, १९७१ची सलून: गंज, पत्रा आणि दुसऱ्या गाडीचं इंजिन

ब्रिटनच्या रोव्हर कंपनीची साडेतीन लिटरची गाडी, म्हणजे पी५बी. चार दारांची सलून, १९७१ची. रंग खाली ॲडमिरल्टी ब्लू, टपाला सिल्व्हर बर्च. बंद अवस्थेत २,८०० पौंडांना घेतली. काम कॉव्हेंट्रीत, घरामागच्या एका गाडीपुरत्या गॅरेजात, सुट्टीच्या दिवशी. कूपेवर (हिचीच बुटक्या टपाची बहीण) लिहिलेलं भरपूर मिळतं, सलूनवाल्याला तेच वाचून अंदाज बांधावे लागतात, म्हणून या नोंदी ठेवतोय. पुस्तकी कृती इथे नाही, ती वर्कशॉप मॅन्युअलमध्ये आहे.

१४ ऑक्टोबर २०२३

गाडी ट्रेलरवरून उतरवली. जॅक लावण्याआधी दारांखालच्या स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या काढल्या. या गाडीचा सगळा न्याय त्या पट्ट्यांखाली होतो. पट्टी कधीच गंजत नाही, पन्नास वर्षांनीही चकाकते, आणि तिच्यामागे सिल (दारांखालून जाणारी पत्र्याची पोकळ पेटी) कुजून गेली तरी बाहेरून पत्ता लागत नाही. माझ्या गाडीत पट्टीखाली अंडरसीलचा जाड काळा थर, त्याखाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी), त्याखाली फायबरग्लासची जाळी. चुंबक कुठेच धरेना. डावीकडे स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. जॅक लावायच्या जागा नावालाच उरल्यात.

पी५ ही रोव्हरची पहिली मोनोकॉक गाडी, १९५८ची. तिला वेगळी चासी नाही. इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन एका छोट्या सबफ्रेमवर, बाकी सगळा भार पत्र्यावर. म्हणजे सिल गेली की नुसती शोभा जात नाही, गाडीचा कणाच जातो.

चांगल्या गोष्टीही आहेत. लाकूड कोरडं आहे, कातडी सीट फाटलेल्या नाहीत आणि डॅशबोर्डखालचा हत्यारांचा खण शाबूत आहे. तो बाहेर ओढला की प्रत्येक पाना आपापल्या खाचेत बसलेला दिसतो. एकच पाना गायब आहे. पुष्कळ लोक हा खण बघूनच विरघळतात आणि पैसे मोजतात. खण नंतर बघा, आधी पट्टी काढा. विकणारा पट्टी काढू देत नसेल तर चहा पिऊन घरी या.

२८ ऑक्टोबर

इंजिन धुतलं. डिपस्टिकजवळ ब्लॉकवर एक सपाट जागा आहे, तिथे नंबर ठोकलेला असतो. तिथला चिकट मळ लाकडी पट्टीने खरवडून काढला (लोखंडी पात्याने खरवडू नका, ॲल्युमिनियम आहे, अक्षरं पुसट होतात) आणि टॉर्च तिरका धरून वाचलं. नंबर लॉग बुकातल्या (गाडीच्या नोंदणीच्या कागदातल्या) नंबराशी जुळत नाही. शेजारीच ९.३५ असा आकडा. पी५बीच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन १०.५:१. ९.३५ असतं एसडी-१ या रोव्हरच्या पुढच्या मोठ्या गाडीचं, आणि ती गाडी आली १९७६मध्ये. म्हणजे माझ्या गाडीचं मूळ इंजिन त्यानंतर कधीतरी निघालं आणि तिथे एसडी-१चं बसलं. कार्बोरेटर मात्र जुनेच, एसयूचे एचएस६.

अर्धा दिवस मूड गेला होता. मग हिशोब मांडला.

हे ३,५२८ सीसीचं ॲल्युमिनियमचं व्ही८ मुळात अमेरिकेतल्या ब्यूकचं. ब्यूकने ते सोडून दिलं आणि रोव्हरने १९६५मध्ये हक्क घेतले. पी५बीमधला बी तिथून आला. इंजिन हलकं, आटोपशीर आणि ताकदवान, त्यामुळे सगळ्यांनाच हवंसं. एमजीबी या छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये बसतं, लँड रोव्हरमध्ये बसतं, घरी जोडायच्या किट कारमध्ये बसतं. १९७३च्या तेलटंचाईनंतर गॅलनला अठरा मैलांच्या आसपास देणारी मोठी सलून कुणाला नको होती. एमओटीला, म्हणजे गाडीच्या वार्षिक सरकारी तपासणीला, सिल नापास झाली की वेल्डिंगचा खर्च गाडीच्या किमतीवर जायचा. अशा वेळी गाडीतली सर्वांत महाग वस्तू एकच असायची. इंजिन उचललं, बाकीचं भंगारात. पुष्कळ पी५बी अशाच संपल्या. माझी वाचली, कारण कुणीतरी उलट केलं: गंजलेल्या एसडी-१चं इंजिन काढून हिच्यात घातलं. तक्रार कुठल्या तोंडाने करू?

लॉग बुक दुरुस्तीसाठी डीव्हीएलएला, म्हणजे वाहन नोंदणीच्या सरकारी कचेरीला, पाठवलं. मूळ घडणीचंच इंजिन असल्यामुळे हा 'मोठा बदल' धरला जात नाही, चाळीस वर्षांवरच्या गाडीची करमाफी आणि एमओटीची सूट शाबूत राहते. इंजिन बदललेली गाडी घेताना हे आधीच तपासा, कारण दुसऱ्याच बनावटीचं इंजिन असेल तर गोष्ट वेगळी होते.

१९ नोव्हेंबर

गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये जाऊन आलो. त्यांच्या दप्तरातून गाडीचा दाखला मिळतो: कधी बनली, मूळ रंग कोणता, कुठे रवाना झाली. माझा रंग मूळचाच निघाला, ही एक चिंता मिटली.

तिथे राणी एलिझाबेथची पी५बी आहे, नंबर जेजीवाय २८०. तिच्याभोवती बराच वेळ वाकून-वाकून फिरलो. सिलच्या मागच्या टोकाचा मूळ आकार कसा वळतो हे कुठल्याच पुस्तकात नीट दिसत नव्हतं, तिथे दिसलं. विल्सन, हीथ, कॅलाहन या पंतप्रधानांच्या दिमतीला याच गाड्या होत्या. १९७३मध्ये उत्पादन थांबलं तेव्हा सरकारने शेवटच्या गाड्या घेऊन साठवून ठेवल्या, आणि १९७९मध्ये थॅचरबाई पहिल्यांदा डाउनिंग स्ट्रीटला आल्या त्याही पी५बीतूनच. विकणारे हा इतिहास सांगून किंमत चढवतात. सरकारी ताफ्यातली गाडी असेल तर कागद मागा, नाहीतर ऐकून सोडून द्या.

१६ डिसेंबर

डावी सिल कापायला घेतली. आधी दारांच्या चौकटीत आडवे-तिरपे चौकोनी पाइप वेल्डचे टाके मारून बसवले आणि दारांच्या फटी चारी बाजूंनी मोजून भिंतीवर लिहिल्या. गाडी स्टँडवर आहे, पण स्टँड सस्पेन्शनखाली. मध्ये आधार दिला तर बॉडी कमानीसारखी वाकते आणि वेल्ड झाल्यावर तशीच राहते. मग दार आयुष्यभर बसत नाही.

बाहेरचा पत्रा सोलल्यावर आतली सिल दिसली. पुढचा निम्मा भाग ठीक. मागे, जिथे मागच्या सस्पेन्शनच्या पाट्यांचं पुढचं टोक बॉडीला बसतं, तिथे बोटाने पापुद्रे निघत होते. आधीच्या कुणीतरी त्या कुजक्यावरच पत्र्याचा तुकडा ठिगळासारखा चढवला होता. त्याने पाणी आत अडकलं आणि चांगला पत्राही गेला.

६ जानेवारी २०२४

विकत आणलेली बाहेरची सिल पुढून चपखल बसते, मागून आठ मिलिमीटर आखूड. विकणाऱ्याशी दोनदा बोललो. त्यांचं म्हणणं, सगळ्यांना अशीच जाते, ओढून बसवा. ओढून बसवली की मधली रेघ मोडते आणि स्टेनलेसची पट्टी टेकत नाही. शेवटी मागचं टोक कापून टाकलं आणि गेडनला बघितलेल्या वळणाप्रमाणे १.२ मिलिमीटरच्या पत्र्यातून नवं केलं. पुठ्ठ्याचा नमुना, मग पत्रा, मग पुन्हा पुठ्ठा. तिसरा तुकडा बसला. एवढ्यात पूर्ण सुट्टी गेली.

मिग वेल्डरने सलग ओढू नका. एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, मग परत. पत्रा हाताला सोसेल इतका थंड होईपर्यंत थांबायचं. जानेवारीत गॅरेजात तो लवकर थंड होतो, हा इथल्या थंडीचा एकमेव फायदा. बाहेरची सिल कायमची जोडण्यापूर्वी दारं बसवून उघड-मीट करा. मागचं दार खाली घासत होतं. भिंतीवरचे आकडे बघितले तर फट वरून तीन मिलिमीटर वाढलेली. टाके तोडले, जॅकने केसभर उचललं, पुन्हा मारले. कायमचं वेल्ड केल्यावर हे कळलं असतं तर सगळं परत कापावं लागलं असतं.

आतून झिंक प्रायमर, आणि शेवटी पोकळीत मेण फवारायचं. मेण वेल्डिंगनंतरच, आधी टाकलं तर पेटतं.

१० फेब्रुवारी

उजवी सिल डावीच्या निम्म्या वेळात झाली. पुठ्ठ्याचे नमुने उलटे करून वापरले. जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

२४ फेब्रुवारी

पाण्याचा पंप गळत होता. ॲल्युमिनियमच्या कव्हरात स्टीलचे बोल्ट, आणि कोणे एके काळी कूलंटऐवजी नुसतं नळाचं पाणी भरलेलं. असे बोल्ट जणू एकाच धातूचे झालेले असतात. बाकी बोल्ट रात्रभर तेल पाजून, गॅसच्या ज्योतीने कव्हर तापवून आले. खालचा लांब बोल्ट डोक्याशी तुटला.

तुटलेल्या बोल्टाला उलटा ड्रिल घालून काढायची हत्यारं मिळतात. पहिल्या दिवशी तेच केलं आणि ते कडक हत्यारच आत मोडलं. आता त्यावर ड्रिल चालेना. संध्याकाळी कोल्हापूरला मामांना व्हिडिओ कॉल लावला. उद्यमनगरात त्यांचा लेथ पस्तीस वर्षं चालला. त्यांनी कॅमेरा जवळ न्यायला लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "आरं, त्येच्याशी झटू नगंस. वर नट ठेव, मधनं वेल्ड भर, आन् लाल हाय तवर मागं-पुढं हालीव. येतोय का न्हाई बग."

"मामा, ॲल्युमिनियमला धक्का लागला तर?"

"वेल्ड ॲल्युमिनियमला धरत न्हाई म्हणून तर सांगतोय."

तिसऱ्या नटाला बोल्ट हलला. एक अष्टमांश फेरा पुढे, एक मागे, मध्ये तेलाचा थेंब, असं करत पाऊण तासाने हातात आला. आटे मात्र गेले होते, तिथे हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवली. इथल्या मशीनशॉपने याच कामाचे १८० पौंड सांगितले होते आणि वर कव्हर काढून आणा म्हणाले होते. हेलिकॉइलचा संच २८ पौंडांना पडला. कूलंट आता ॲल्युमिनियमला चालणारं, गंजरोधक घातलेलंच. दर दोन वर्षांनी बदलायचं.

२३ मार्च

पेट्रोलची लाइन. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साधं पेट्रोल ई१० झालं, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या रबराला ते सोसत नाही. माझ्या गाडीतला एक होज बाहेरून धड होता, दाबला तर आतून काळा चुरा निघाला. हा चुरा कार्बोरेटरच्या सुईपाशी जाऊन अडकतो, आणि होज फुटला तर पेट्रोल थेट गरम इंजिनावर. सगळे होज बदलले, ई१०ला चालणारे घेतले, तरी भरतो प्रीमियमचं, कमी इथेनॉलचं ई५च. मूळ १०.५:१च्या इंजिनाला त्या काळी फाइव्ह-स्टार, शंभर ऑक्टेनचं लागायचं. आज ते नाही, त्यामुळे टायमिंग (प्लगची ठिणगी पडायची वेळ) मागे घ्यावं लागतं आणि थोडी ताकद जाते. माझ्या एसडी-१च्या इंजिनाला ही कटकट कमी. मूळ इंजिन गेल्याचं दुःख इथे थोडं भरून निघालं.

इंजिन सुरू झालं, पण थरथरत होतं. प्लग नवे, पॉइंट नवे, कार्बोरेटर जुळवलेले, तरी वेग वाढवला की ठेच लागल्यासारखं अडखळायचं. दोन सुट्ट्या कार्बोरेटरच्या मागे घालवल्या, ते निर्दोष निघाले. खरा दोष प्लगच्या वायरींत. फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा, क्रम १-८-४-३-६-५-७-२. पाच आणि सात एकाच बाजूला शेजारी-शेजारी, आणि पेटतातही लागोपाठ. त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटून लांबवर गेल्या की पाचचा झटका सातच्या वायरीत उतरतो आणि सात वेळेआधी पेटू पाहतं. कुणीतरी दिसायला नीटनेटकं म्हणून आठही वायरी पट्टीने एकत्र बांधल्या होत्या. पट्टी कापली, पाच आणि सातच्या मध्ये दुसरी वायर घातली. खर्च शून्य. आता बॉनेटवर नाणं उभं राहील म्हणणार नाही, पण सिग्नलला इतकं शांत चालतं की इंजिन बंद पडलं की काय असं वाटतं.

११ मे

श्रॉपशायरमधल्या एका शेतावर गेलो. पी५बी सलूनचे सुटे भाग विकायचे आहेत असं कळलं होतं. इंजिन-ब्रेकचे भाग अजून मिळतात. व्ही८ तर लँड रोव्हर, रेंज रोव्हरमध्ये कित्येक वर्षं चाललं, त्याची ददात नाही, आणि रोव्हर पी५ क्लबमुळे बरंच काही हाती येतं. नडतात त्या फक्त सलूनच्या वस्तू: मागच्या काचेचं रबर, दारांच्या वरच्या चौकटी, टपाकडच्या पट्ट्या. कूपेचं टप अडीच इंच बुटकं, तिथलं काहीच इथे लागत नाही. पी५बीच्या सलून बनल्या ११,५०१ आणि कूपे ९,०९९. मी गाडी शोधत होतो तेव्हा विक्रीला मात्र कूपेच जास्त दिसत होत्या. कूपेला भाव येतो म्हणून तिच्यावर खर्च होतो. सलून तिच्यासाठी बंपर, सीट, लाकूड पुरवत संपते.

शेतावरची गाडी गोठ्याच्या टोकाला कोरड्यात उभी होती. इंजिन आधीच एका लँड रोव्हरवाल्याने नेलेलं. मी सवयीने पट्टी सैल केली. उजवी सिल मूळची, रोव्हरच्या कारखान्यातली, रंगासकट. माझ्या दोन्ही सिल मिळून जेवढा चांगला पत्रा निघाला नव्हता तेवढा त्या एका बाजूला होता. लॉग बुक हरवलेलं, इंजिन-गिअरबॉक्स नाही, डावी बाजू पावसाच्या गळतीने गेलेली. शेतकऱ्याला सप्टेंबरच्या आत जागा मोकळी हवी आहे. बँगर रेसिंगवाला एक जण सांगाडा न्यायला तयार आहे. जड, मजबूत म्हणून त्या टकराटकरीच्या शर्यतीत या गाड्यांना फार मागणी, आणि तिथून कुठलीच परत येत नाही.

माझ्याकडे एका गाडीचीच जागा. ३५० पौंडांत मागची काच रबरासकट, टपाच्या पट्ट्या, उजवं मागचं दार, फॉग लॅम्पच्या दोन कड्या आणि हत्यारांच्या खणातला तो हरवलेला पाना असं घेतलं. परतताना क्लबमध्ये कळवलं की सांगाडा वाचवण्यासारखा आहे. पण काच आणि दार काढल्यावर तो वाचवणं पूर्वीपेक्षा महाग झालं, आणि ते काम मीच केलं, हेही कळवलं. आठवडा झाला, विचारणा आली ती फक्त मागच्या सीटची.

२२ जून

सूट असली तरी एमओटीला नेली. दुसऱ्याच्या डोळ्याखालून गाडी जायला हवी, विशेषतः वेल्डिंग स्वतः केलेलं असताना. सिलवर तपासनिसाने हातोडीने ठोकून पाहिलं आणि पुढे गेला. नापास झालो ब्रेकवर: मागचं डावं चाक जवळजवळ धरतच नव्हतं. ड्रममधला व्हील सिलिंडर अडकलेला. पुढच्या डिस्क इतक्या छान धरतात की चालवताना हे जाणवलंच नव्हतं. दोन्ही बाजूंचे सिलिंडर आणि होज बदलले, पुढच्या आठवड्यात पास.

१७ ऑगस्ट

हिशोब. गाडी २,८००. पत्रा आणि सिल ६४०. गॅस, वायर, प्रायमर, मेण २१०. इंजिन, कूलिंग आणि पेट्रोल लाइन ४८०. ब्रेक ३९०. टायर ५२०. श्रॉपशायर ३५०. एकूण ५,३९० पौंड, माझी मजुरी धरलेली नाही. रंगकामाचे तीन अंदाज घेतले, सर्वांत कमी ७,२००. रंगवून, चकचकीत करून विकली तरी एवढे उभे राहणार नाहीत. ऐंशीच्या दशकात या गाड्यांच्या मालकांनी हाच हिशोब केला असणार, फरक एवढाच की त्यांना ती रोज कामाला न्यायची होती आणि मला नाही. गुंतवणूक म्हणून सलून घेऊ नका, कूपे बघा. चालवायला घेत असाल तर सलूनच घ्या, मागे बसणाऱ्याचं डोकं टपाला लागत नाही.

रंग आता पुढे ढकललाय. सिलचा पट्टा हाताने प्रायमर मारून काळा केला आणि स्टेनलेसच्या पट्ट्या परत लावल्या, पण स्क्रूवर ग्रीस लावून. दर हिवाळ्याआधी काढून आत बघता आलं पाहिजे.

राहिलेली कामं: पॉवर स्टिअरिंगची बारीक गळती, घड्याळ बंद, पेट्रोलच्या रिझर्व्हचा स्विच काम करत नाही. स्विच आधी, कारण काटा पाव टाकी दाखवत असताना गाडी काल रिंग रोडवर थांबली.